दाणीकाका आणि चार बटनांचा रिमोट

मागच्या महिन्यात रायपूरहून भाच्याचा फोन आला. त्यानं नवा फ्लॅट घेतलाय. म्हणाला, "मावशी, घरात रिमोटवर चालणारे लाइटचे स्विच बसवायचे आहेत. पण इतके प्रकार आहेत की डोकं फिरून राहिलं. तुझ्या ओळखीचं कोणी आहे का विचारायला?"

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. विजेशी माझा संबंध बल्ब बदलण्यापुरता, तोही कोणी स्टूल धरलं तर. तरी मी त्याला पाऊण तास सांगत बसले. घरात आजी आहे ना, मग मोबाइलवर चालणारे घेऊ नकोस. टीव्हीच्या रिमोटसारखा ज्याचा नेम धरावा लागतो, तो दुकानातच राहू दे. वीज जाऊन परत आली की सगळे दिवे आपोआप पेटतात का, ते आधी विचार. रिमोट हरवला तरी भिंतीवरच्या बटनानं दिवा लागला पाहिजे. आणि सेल कोणता लागतो ते बघ, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारा असेल तरच घे.

भाच्यानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, हे सगळं तुला कोणी शिकवलं?"

"दाणीकाकांनी," मी म्हटलं, आणि कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

दाणीकाका राइट टाउन मोहल्ल्यातले आमचे शेजारी. दोन घरांच्या मधे कमरेइतकी भिंत, आणि त्या भिंतीवरून चाळीस वर्षं वाट्या, वर्तमानपत्रं आणि सल्ले इकडून तिकडे जात आले. सल्ले बहुतेक तिकडून इकडे. त्यांचे आजोबा उमरेडकडून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. काका सरकारी तंत्रशाळेत वायरमनच्या वर्गाला शिकवत. शहरातले निम्मे इलेक्ट्रिशियन त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे बाजारात निघाले की चार पावलांवर कोणीतरी "गुरुजी, प्रणाम" म्हणून वाकायचं. काका त्याला आशीर्वाद द्यायच्या आधी विचारायचे, "अर्थिंग ठीक से करते हो न?"

उंच, हडकुळे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लोकांच्या खिशाला पेन असतं तिथे त्यांच्या खिशाला टेस्टर, आणि त्याच खिशात खडूचा एक तुकडा. काकू रोज तो खिसा झटकायच्या आणि रोज वैतागायच्या.

त्या खडूचं काम मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी मागे नवं स्वयंपाकघर बांधलं आणि वायरिंग काकांकडे आलं. काकांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला हाक मारली.

"वहिनी, दुधाचं पातेलं घ्या हातात. अन् डोळे मिटा."

"आता हे काय नवीन काढलं भाऊजी?"

"मिटा तर. रोज अंगणातून येता तश्शाच या आतमधे. दिवा लावायचा आहे असं समजा."

आई लाजत, हसत, डोळे मिटून रिकामं पातेलं घेऊन आत आली. उजव्या हातात पातेलं, म्हणून डावा हात भिंतीकडे गेला. जिथे बोटं टेकली तिथे काकांनी खडूनं गोल काढला. तो गोल जमिनीपासून जेमतेम साडेतीन फुटांवर होता, कारण आमची आई बुटकी. बाबा कळवळले. "अरे दाणी, बाकी घरात बोर्ड पाच फुटांवर अन् हा एकटा खाली? पाहणारे हसतील."

"हसू द्या ना. पाहणारे चहा पिऊन घरी जाते. वहिनींना इथं जिंदगी काढायची आहे. हात कुठे जाते ते पाहायचं, दाणीचं तेवढंच शास्त्र आहे."

पाहणारे हसलेच. अजूनही येणारा-जाणारा विचारतो, "ये बोर्ड इतना नीचे क्यों है दीदी?" आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मीही तिच्याएवढीच बुटकी. हातात काहीही असो, त्या स्वयंपाकघरात मला आजवर चाचपडावं लागलेलं नाही.

तापट होते, हेही सांगायला हवं. आमच्या गणपती मंडळात एका वर्षी मांडवातल्या दिव्यांच्या माळा बाहेरच्या कोणी लावल्या. आरतीची वेळ झाली, पाहुणे खुर्च्यांवर बसले, आणि सेक्रेटरी काकांना म्हणाले, "गुरुजी, एक नजर टाका अन् सगळं ठीक आहे म्हणून सांगा." काकांनी एक नजर टाकली. खांबाजवळ वायरचा एक सांधा उघडा होता. "ठीक नाई," ते म्हणाले, आणि मेन स्विच बंद करून चक्क त्या बटनासमोर खुर्ची टाकून बसले. सेक्रेटरींनी विनवलं, मग आवाज चढवला. काका म्हणाले, "चालू असेल तर चालू म्हणीन. नसेल तर देवासमोरही नाई म्हणणार." त्या दिवशीची आरती समयांच्या उजेडात झाली. पुढे दोन महिने सेक्रेटरी त्यांच्याशी बोलले नाहीत आणि काकांना ते कळलंही नाही.

आणि मेन! घरातून बाहेर पडायचं तर आधी मेन बंद, मग कुलूप. भाजीला जायचं असो की लग्नाला. एकदा नागपूरला लग्नासाठी चार दिवस गेले आणि फ्रिजमधलं सगळं लोणी, आंबवलेलं पीठ, काकूंनी जपून ठेवलेले मटार, सगळ्याचं काय झालं ते त्या वासावरून मला भिंतीपलीकडे कळलं. काकू आठ दिवस बोलल्या. काकांनी ऐकून घेतलं, आणि नवव्या दिवशी बँकेत जाताना मेन बंद केला.

आता काकूंविषयी. सुमनकाकू गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला सडेतोड. त्यांच्या घरी एक रीत होती. दिवेलागणीला पहिला दिवा व्हरांड्यातला, आणि तो लावायचा काकूंनी. तोवर घरात काळोख दाटला तरी दुसरं कोणी बटनाला हात लावायचं नाही. दिवा लागला की काकू हात जोडायच्या, मग चहाचं आधण. त्यांच्या सासूबाई कंदील लावायच्या, तेव्हापासूनचं हे. काका देवाधर्मात फारसे नसायचे, पण त्या वेळी वर्तमानपत्र मांडीवर ठेवून तेही थांबायचे.

काकूंना काचबिंदू झाला. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचंही धूसर व्हायला लागलं. एका संध्याकाळी व्हरांड्याचं बटन गाठायला निघाल्या आणि घरातल्या बोळीत अडखळून पडल्या. मनगट मोडलं. पुण्याहून मुलगा आला, शिरीष. चांगला मुलगा, उगाच त्याला बोल लावणार नाही. आईचं प्लॅस्टर पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "आता बस झालं. दोघंही पुण्याला चला."

काका एकदा जाऊन आले होते पुण्याला. महिनाभर राहायचं ठरवून विसाव्या दिवशी परतले. मी भिंतीवरून विचारलं, "काहून काका, करमलं नाई?"

"घर छान आहे गं त्याचं. पण पाय ठेवला की दिवा लागते, पाय काढला की विझते. मला हात लावायलाच काही नाई तिथं. दिवसभर खिशात हात घालून बसून राहिलो." मग म्हणाले, "मीना, मला इथून नको नेऊ कोणी. मी नाई जगणार तिथं." दाणीकाकांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी आयुष्यात तेवढंच ऐकलं.

शेवटी शिरीषनं दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर घर असं करायचं की आईला बटनापर्यंत चालावं लागू नये. त्यानंच पुण्याहून मोबाइलवर चालणारे चार स्विच पाठवले. काकांनी बसवले. शिरीषला तिकडून कळायचं की इथे कोणता दिवा चालू आहे. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा मला फोन, आवाज कापरा. "मीनाताई, जरा बघ गं घरी. सगळे स्विच ऑफलाइन दाखवून राहिले. बाबा फोनही उचलत नाहीत."

मी चपलाही न घालता धावले. दाराला कुलूप. दहा मिनिटांनी रिक्षातून दोघं उतरले, हातात भाजीची पिशवी. मेन अर्थातच बंद. इंटरनेटचा डबा बंद, स्विच बंद, आणि काकांचा मोबाइल आत टेबलावर.

"काका, ते स्विच चालायला वीज चालू ठेवावी लागते!"

"घरात कोणी नाई अन् चालू ठेवायची? मग चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलं मी?"

हे आठवड्यात तीनदा झालं. मेन चालू राहिला त्या दिवशी काकूंनी टीव्ही बघून झाल्यावर सवयीनं इंटरनेटचा डबाही बंद केला, आणि मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर त्यांना काही दिसेनाच. काकांनी ते स्विच काढून खोक्यात घातले आणि पाठकोऱ्या कागदांवर प्रश्न लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "स्कूटर काढ. ओमतीला जाऊ."

ओमतीच्या बाजारातल्या विजेच्या दुकानदारानं "गुरुजी" म्हणून खुर्ची पुसून दिली आणि सगळ्यात भारी डबा काढला. "ये ले जाइए, लेटेस्ट है. बोलने से चलता है. आप बोलो लाइट ऑन, हो गई ऑन."

"और जिस दिन घरवाली नाराज़ है, बात ही नहीं कर रही," काका म्हणाले, "उस दिन मैं अंधेरे में बैठूँ?"

दुसरा रिमोट आला. काकांनी माझा पदर ओढून त्यावर टाकला आणि बटन दाबलं. दिवा ढिम्म. "ये गले में टाँगेगी, ऊपर पल्लू आएगा. नहीं चलेगा." तिसऱ्याची वीज त्यांनी दुकानदाराला घालवून परत आणायला लावली. सगळे दिवे भक्कन पेटले. "भर दोपहर में घर की सारी बत्तियाँ? नहीं." चौथा रेडिओवर चालणारा होता, चार बटनांचा. पदराआडून चालला. वीज गेली-आली तरी जसा होता तसा राहिला. काका माझ्याकडे वळले. "जा, रस्त्यापलीकडं त्या रसाच्या दुकानापाशी. अन् दाब."

पन्नाशी ओलांडलेली मास्तरीण मी, ओमतीच्या गर्दीत रिमोट वर धरून उभी राहिले. दाबा, थांबा, परत दाबा. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई समोरून गेली आणि तिनं नमस्कार करावा की नाही याचा बराच विचार केला. पलीकडून काका ओरडले, "लागला! आता पाठ करून दाब!" दुकानदार हात जोडून म्हणाला, "गुरुजी, इतना तो कंपनी वाले भी चेक नहीं करते होंगे." काकांनी तो रिमोट आणि चार स्विच आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणले. दुकानदाराची काय बिशाद नाही म्हणायची.

बसवले त्यांनी स्वतःच. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष, स्टुलावर चढताना गुडघे कटकट वाजत होते. मी बॅटरी धरून उभी. मग रिमोट काकूंच्या गळ्यात नाडीनं अडकवला, आणि व्हरांड्याचं बटन बोटाला कळावं म्हणून त्यावर एक साबुदाणा चिकटवला.

काकूंनी बोट फिरवलं. "हा माझ्या उपासाच्या डब्यातला. विचारून घ्यायचा होता."

"लाव दिवा."

काकूंनी दिवाणावर बसल्या बसल्या बटन दाबलं. बाहेर व्हरांडा उजळला. त्यांना तेव्हा तेवढं दिसत होतं. त्या हसल्या, हात जोडले, आणि मग डोळे पुसले. काका उगाचच स्टूल उचलून आत निघून गेले.

दिवाळीला शिरीष आला. त्यानं आईची रीतसर परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातून, बोळीतून, पांघरुणातून. सगळे दिवे लागले. तरी तो म्हणाला, "ठीक आहे आई, पण हे किती दिवस?"

तेव्हा काकू जे बोलल्या ते मी ऐकलं आहे. "शिरीष, ज्या दिवशी दिवेलागणीला माझ्या हातानं व्हरांड्याचा दिवा लागणार नाई, त्या दिवशी मी आपणहून बॅग भरीन. कोणाच्या हाताकडं पाहत मी नाई राहणार." मग काकांकडे तोंड करून म्हणाल्या, "अन् तेव्हा तुम्ही मला अडवायचं नाई. यायचं सोबत." काकांनी मान हलवली. ती मान त्यांना दिसली नसणार, म्हणून मोठ्यानं म्हणाले, "हाव."

त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षं ते तिथेच राहिले. हळूहळू काकूंना आतून व्हरांड्याचा उजेड दिसेनासा झाला. मग त्या बटन दाबून विचारायच्या, "लागला का हो?" आणि बाहेरून उत्तर यायचं, "लागला." आमच्या घरात ते दोन आवाज रोज ऐकू यायचे आणि मी त्यावर माझा चहा टाकायची.

काका गेले त्याला आता दीड वर्ष होईल. होळीच्या आधी, सकाळी, दाढी करता करता. काकू पुण्याला आहेत. दर रविवारी फोन करतात, आणि काहीही बोलणं सुरू असलं तरी एकदा तरी म्हणतात, "पण मीना, ते होते तोवर व्हरांड्याचा दिवा माझ्याच हातानं लागला बरं का. एक दिवस चुकला नाई." मी म्हणते, "हो काकू." मला खोटं बोलता येत नाही असं माझे विद्यार्थी सांगतात. हे वाक्य मात्र मी न अडखळता म्हणते.

कारण त्या व्हरांड्यात काकांबरोबर मी पाहिलेली शेवटची दिवेलागण. जानेवारीतली संध्याकाळ होती. मी सोललेल्या मटारांचं पातेलं घेऊन भिंतीला वळसा घालून गेले. काका व्हरांड्यात खुर्चीवर, अंगावर शाल, मांडीवर सकाळचंच वर्तमानपत्र. फार वाळले होते. काकू आत दिवाणावर, गळ्यात रिमोट. त्या दिवसांत साखरेच्या दुखण्यानं काकूंच्या बोटांची जाणीव जात चालली होती. चहाचा कप गरम आहे की गार, हेही त्यांना ओठाला लावल्यावर कळायचं. मला ते माहीत होतं. त्या बोटांना बटनावरचा साबुदाणाही कळत नसणार, हे मला सुचलं नव्हतं.

अंधार पडला. काकूंनी पदर सारखा केला, रिमोट हातात घेतला, बोट फिरवलं आणि दाबलं. त्यांच्या पाठीमागे, बोळीच्या टोकाला, स्वयंपाकघरातला दिवा लागला. व्हरांड्यात काळोखच होता.

"लागला का हो?"

मी पुढे झाले. भिंतीवरचं बटन माझ्यापासून दोन हातांवर होतं. काकांनी माझं मनगट पकडलं. इतक्या वाळलेल्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी बटनाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, आणि नको म्हणून मान हलवली. ते बटन खट्‌कन वाजायचं, आणि काकूंचे कान शाबूत होते.

"लागला," काका म्हणाले.

आत काकूंनी हात जोडले. मला ते दारातून दिसत होतं. नमस्कार जरा लांबलाच त्यांचा. मग म्हणाल्या, "मीना आली का? बस गं. अन् तुम्ही वाचा आता. मघापासून अंधारात डोळे फोडून राहिले असाल."

"वाचून राहिलो," काका म्हणाले.

माझं मनगट सोडून त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि डोळ्यांसमोर धरलं. एक अक्षर दिसत नव्हतं. मला त्यांचा चेहराही नीट दिसत नव्हता. हे किती दिवसांपासून चाललं होतं कोण जाणे, पण पहिल्यांदा नव्हतं, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. एक पान वाचायला लागतो तेवढा वेळ ते स्वस्थ बसले. मग आत ऐकू जाईल असं, जरा जोरानं, त्यांनी पान उलटलं.